तिसऱ्या पायरीवरची वैदीण

उल्का राव हिला राग यायचा तो दर रविवारी, दुपारच्या कॉफीच्या वेळेला, ट्रे हातात असताना. एरवी बाई शांत. बनशंकरीतल्या एका नर्सिंग होमच्या औषधांच्या खिडकीत दिवसभर उभी राहायची, डॉक्टरांची वेडीवाकडी अक्षरं लावायची, "ही गोळी जेवल्यावर, ही उपाशीपोटी" हे कन्नडात, तमिळात, हिंदीत, समोरचा माणूस ज्या भाषेत मान हलवील त्या भाषेत सांगायची, आणि कुणी कितीही खेकसलं तरी आवाज चढवायची नाही. पण रविवारी तिच्याच घरच्या हॉलमध्ये चार पुरुष चादर अंथरून बसले, मधे फासे खुळखुळले, आणि त्यांच्यातला कुणीतरी मान वर न करता "उल्का, कॉफी स्वल्प स्ट्राँग कर हं" म्हणाला, की तिच्या कपाळाची शीर ठणकायला लागायची. कारण उल्काही त्याच चादरीवर बसून खेळणारी होती. कॉफीवाली नव्हती.

खेळ काय होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्ते कुटत होते. पत्ते नव्हेत, सोंगट्या नव्हेत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी चोर. "पुढं दरी आहे, पलीकडं दैत्य बसलाय, काय करता?" असं सांगणारा विचारणार, आणि आपण काय करणार ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. प्रत्येकाच्या कागदावर आपल्या माणसाचं बळ, अक्कल, सामान लिहिलेलं. माणूस काही करून दाखवील तसा एकेक पायरी वर चढणार, आणि पायरी चढली की त्याच्या अंगात नवं बळ येणार. या खेळाला शेवट नाही. वर्षानुवर्षं चालतो.

हे खूळ घरात आणलं उल्काच्या थोरल्या भावानं, त्रिविक्रमानं. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी अमेरिकेहून येताना नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्रिविक्रमानं त्याची झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून, देवघरातल्या पोथीसारखी जपून ठेवली आणि ब्याण्णव साली गोष्ट सांगायला सुरुवात केली. शहाण्णव उजाडलं तरी ती चालूच होती. खेळायला तिघं यायचे. विद्याधर, मूळचा बेळगावकडचा, त्रिविक्रमाच्याच कंपनीतला, याचा तलवारबाज. अजिंक्य, पुण्याहून नोकरीसाठी आलेला, अर्धं इंग्रजीतच बोलणारा, याचा जादूगार. आणि गिरीराज, मामाचा मुलगा, जो खेळापेक्षा कोडबळे खायला यायचा, याचा चोर. चौथी उल्का. तिलाही तलवारच हवी होती. पण त्रिविक्रम म्हणाला, "तू औषधाच्या खिडकीत असतेस, तू वैदीण हो. जखमा बांधायला कुणीतरी पाहिजेच." झालं! आठवडाभर औषधं द्यायची आणि रविवारी सुट्टी म्हणून पुन्हा औषधंच द्यायची. तिनं आपल्या वैदिणीचं नाव जाई ठेवलं आणि मुकाट्यानं फासा उचलला.

आता तो नियम. पुस्तकात लिहिलं होतं की जितके राक्षस माराल आणि जितकं सोनं लुटाल तितके गुण, आणि गुण साठले की वरची पायरी. त्रिविक्रमाला ते बिलकुल पटलं नाही. "म्हणजे जो जास्त गळे कापील तो मोठा? असलं माझ्या घरात चालणार नाही," असं म्हणून त्यानं स्वतःचा घरचा नियम केला. डाव संपला, कॉफी आली, की तो विचारायचा, "कोण कुणासाठी बोलतंय?" मग कुणीतरी उठून दुसऱ्याच्या पात्रासाठी बोलायचं. आज यानं काय केलं, कसं केलं, याला वरची पायरी का मिळावी, ते नीट सांगायचं. पटलं तर पायरी. स्वतःसाठी मात्र बोलायचं नाही. बोललात तर आहे त्या पायरीवरून एक पायरी खाली.

ऐकायला किती छान! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विद्याधर म्हणाला होता, "वा, याला म्हणतात संस्कार." संस्कारच होते ते. हा नियम त्रिविक्रमाच्या डोक्यातून उगवलेला नव्हता, त्याच्या घरातलाच होता. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं कन्नड मुलखात येऊन राहिलेलं हे मराठा घराणं. भाषेत निम्मं कन्नड शिरलं, खरं आडनाव गळून नुसता राव राहिला, पण एक रीत काही सुटली नाही: घरच्या कर्त्या माणसापुढं आपल्या तोंडानं आपलं काही मागायचं नाही. तुमच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी शब्द टाकायचा. वडील, मल्हारराव, चिकपेटेतल्या आपल्या साड्यांच्या घाऊक दुकानातून घरी आले, खोलीतल्या आरामखुर्चीत टेकले, की आई, मालनबाई, आत जाऊन बोलायची. त्रिविक्रमाला सायकल हवीय. उल्काला सहलीला जायचंय. मोलकरणीला गावी जायला रजा हवीय. सगळ्यांचं आईनं बोलायचं. आणि आई गेली, उल्का तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हापासून ते काम न सांगता उल्काकडं आलं. त्रिविक्रमाला मोटारसायकल मिळाली ती उल्कानं आत जाऊन शब्द टाकला म्हणून. त्याला इंजिनिअरिंगनंतर दुकानात न बसता नोकरी करायची मुभा मिळाली तीही तिच्याच तोंडून.

आणि उल्कासाठी?

पी.यू.सी., म्हणजे बारावी, झाल्यावर उल्काला बी.फार्मला जायचं होतं. तिनं भावाला सांगितलं, "अण्णा, आप्पांपुढं माझ्यासाठी बोल." अण्णा म्हणाला, "बोलतो गं." त्या महिन्यात त्याच्या स्वतःच्या नोकरीच्या मुलाखती होत्या. रोज संध्याकाळी उल्का आप्पांच्या खोलीच्या दाराबाहेर काहीबाही निवडत बसायची, आत अण्णाचा आवाज येतोय का म्हणून कान लावून. महिना गेला, प्रवेश संपले. मग अण्णाला आठवलं. "अगं, राहूनच गेलं!" असं म्हणाला तो. राहूनच गेलं! दुधाची पिशवी आणायची राहावी तसं! उल्कानं मग जे मिळालं ते पदरात घेतलं, दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि ती त्या खिडकीत जाऊन उभी राहिली. ते प्रवेश हुकल्याला आता सात वर्षं होत आली होती आणि या सात वर्षांत घरात त्यावर कुणी एक अक्षर काढलं नव्हतं.

पण रविवारच्या खेळात मात्र उल्काची जीभ भलतीच चालायची, कारण ते काम तिच्या अंगवळणी पडलेलं. "विद्याधरच्या तलवारबाजानं आज पळून जायची वाट मोकळी असताना जखमी शत्रूला पाणी दिलं, मी त्याच्यासाठी बोलते." "गिरीराजच्या चोरानं देवळातला मुकुट परत नेऊन ठेवला, मी त्याच्यासाठी बोलते." असं सुरेख बोलायची की ज्याच्यासाठी बोलली त्यालाच वाटायचं, अरेच्चा, आपण एवढे थोर आहोत काय! ते एकेक करून वर चढत गेले. एकमेकांसाठी ते कधी बोलले नाहीत, कारण दुसरा आपल्या पुढं जायला नको. उल्का आहेच की बोलायला.

उल्कासाठी बोलणारी एकच होती, अंजली नावाची तिची मैत्रीण, जी पहिलं वर्षभर खेळायला यायची. तिनं दोनदा बोलून जाईला तिसऱ्या पायरीवर नेलं. मग अंजलीचं लग्न झालं आणि ती हुबळीला गेली. तेव्हापासून जाई तिसऱ्या पायरीवर. बाकीचे पाचव्या. या तिघांना जाईनं किती वेळा मरणाच्या दारातून ओढून आणलं असेल! पण डाव संपला की त्यांची नजर उल्काकडं वळायची ती एवढ्यासाठीच, की आज ही कुणासाठी बोलतेय. आणि मग ट्रेकडं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या.

नर्सिंग होममधल्या एका डॉक्टरीणबाईंनी उल्काला सांगितलं की डिप्लोमा झालेल्यांना आता बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, जूनमध्ये बघ. उल्कानं त्यांच्याकडून सगळी माहिती कागदावर लिहून घेतली. घरी येऊन तिनं पुन्हा, हो पुन्हा, त्या माणसाला सांगितलं, "अण्णा, या वेळी तरी बोल. नोकरी सोडावी लागेल, आप्पांचा होकार पाहिजे." अण्णा झेरॉक्सच्या पोथीत डोकं घालून बसला होता. "बोलतो गं," म्हणाला.

आणि त्याच रविवारी त्यानं जाहीर केलं की गोष्ट आता काळ्या किल्ल्याकडं चाललीय. चार वर्षं ज्याची वाट बघितली तो किल्ला! संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सगळे दारात पोचणार. पण सहाव्या पायरीच्या खालचं कुणी आत शिरलं तर ते दार त्याला चिरडून टाकतं. विद्याधरनं लगेच विचारलं, "आमची एकेकच पायरी राहिलीय, होऊन जाईल. पण वैदिणीचं काय?" त्रिविक्रमानं स्वल्प विचार केला आणि हसून म्हणाला, "ती खाली घोडी सांभाळेल. तुम्ही जखमी होऊन आलात की मलमपट्टी करेल."

घोडी सांभाळेल! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिरीराजनं कोडबळ्याचा तुकडा मोडला. उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं हिच्या जिवावर जगलेली ही माणसं, आणि हिनं दाराबाहेर बसायचं! दाराबाहेर बसणं काय असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं. स्वतःसाठी बोललं तर पायरी खाली जाणार होती.

डाव संपल्यावर त्रिविक्रमानं नेहमीप्रमाणं विचारलं, "कोण कुणासाठी बोलतंय?"

उल्का बोलली नाही.

ती मुद्दाम ठरवून गप्प बसली नव्हती. त्या दिवशी तोंडच उघडेना. पण खोलीत जी शांतता पसरली ती तिनं ऐकली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. अरे, या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणी बोलतच नाही! पुढच्या रविवारी ती ठरवून गप्प बसली. त्याच्या पुढच्याही. तिघं पाचव्या पायरीवर जे बसले ते बसलेच.

पहिल्यांदा त्यांना काही कळलंच नाही. मग चुळबुळ सुरू झाली. विद्याधर म्हणायचा, "आज मी त्या नागिणीशी एकटा लढलो, नाही का हो?" आणि उल्काकडं बघायचा. उल्का आपल्या कागदावरचा मळ खोडरबरानं काढत बसायची. अजिंक्य एकदा लाडात येऊन म्हणाला, "उल्का यार, मूड नाही का?" त्रिविक्रमानं तर घरात विचारलं, "तू आजारी आहेस काय गं?" इतका हुशार इंजिनिअर! उल्कानं त्याला विचारलं, "आप्पांशी बोललास?" तो म्हणाला, "बोलतो गं. हा किल्ला एकदा होऊन जाऊ दे." किल्ला होऊन जाऊ दे! पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढलेला किल्ला!

किल्ल्याचा रविवार आला. थंडीचे दिवस, बाजारात अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, ढीग. उल्का त्या दिवशी परातभर शेंगा घेऊनच चादरीवर बसली आणि एकेक शेंग सोलून दाणे भांड्यात टाकू लागली. आप्पा आपल्या खोलीत पेपर वाचत होते, दार उघडं होतं. गिरीराजनं इकडं-तिकडं बघून विचारलं, "अक्का, कॉफी?"

"स्वयंपाकघर तिकडं आहे," उल्का म्हणाली.

गिरीराज बिचारा उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. डबा कुठं असतो ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्रिविक्रमानं घसा साफ केला. आठवडाभर खपून त्यानं किल्ल्याचा नकाशा काढला होता, तो अजून पालथा घातलेला होता. "तुम्ही काळ्या किल्ल्याच्या दारात आलात," तो म्हणाला. "तुमच्यातलं एकही माणूस सहाव्या पायरीवर नाही. आज कुणी बोललं नाही तर गोष्ट इथंच थांबेल. चार वर्षांची गोष्ट! आता तरी सांगा, कोण कुणासाठी बोलतंय?"

तिघंही उल्काकडं बघू लागले. उल्कानं एक शेंग मोडली.

"तू आधी माझ्यासाठी बोल, मग मी तुझ्यासाठी बोलतो," अजिंक्य विद्याधरला हळूच म्हणाला.

"तू आधी का नाही?"

"बरं, बरं, बोलतो मीच," विद्याधर उठला. बाह्या सरसावल्या. "मी अजिंक्यच्या जादूगारासाठी बोलतो. त्या पुलावर दैत्य आला तेव्हा यानं... काय केलं होतंस रे? हां, विस्तव फेकला. उत्तम फेकला. पण विस्तव फेकायला वेळ कुणी मिळवून दिला याला? मी! पुलाच्या तोंडावर एकटा उभा होतो मी, पोटात भाला घुसलेला, तरी हललो नाही..."

"विद्याधर," त्रिविक्रम म्हणाला, "तू स्वतःसाठी बोललास. चौथी पायरी."

"अहो पण..."

"नियम म्हणजे नियम."

विद्याधर लालबुंद होऊन खाली बसला. गिरीराज म्हणाला, "मला बोलता येत नाही, मला विचारू नका." राहिला अजिंक्य. त्याच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"ओके, मी उल्कासाठी बोलतो! म्हणजे मग ती पण मोकळी होईल आमच्यासाठी बोलायला. फेअर आहे ना?" तो उठला, उल्काकडं बघून हसला. "उल्का आपल्याला नेहमी मदत करते. त्या गुहेत पण केली... म्हणजे, जखमा वगैरे. खूप गुणी कॅरेक्टर आहे यार. तिची ती... ए, काय नाव गं तुझ्या वैदिणीचं?"

उल्काच्या हातातली शेंग परातीत पडली.

"जाई," ती म्हणाली. आणि उभी राहिली. मांडीवरची सालं चादरीवर सांडली. "चार वर्षं झाली अजिंक्य, जाई तिचं नाव. दलदलीत गिरीराजचा चोर बुडाला तेव्हा केसाला धरून त्याला बाहेर कुणी काढलं? जाईनं. विद्याधर, तुझ्या पोटात भाला घुसला, तू हलला नाहीस, फार मोठा शूर तू! तो भाला उपटून, हातानं जखम दाबून, जाई रात्रभर पावसात बसली होती. आणि तू अजिंक्य, राणीच्या मेजवानीत तुझ्या पेल्यात विष होतं. आधी कोण प्यायलं? फासा मी टाकला होता, चार पडले होते चार, मरता मरता वाचली ती! तुम्हाला कुणालाच आठवत नाही? कसं आठवेल? तुम्हाला आपापलं तेवढं आठवतं. तुमचंसुद्धा मी आठवून सांगायचं, तेव्हा तुम्हाला कळायचं तुम्ही काय केलंत ते! तर आता ऐका. मी जाईसाठी बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय मी! सहावी पायरी पाहिजे मला."

त्रिविक्रमाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं उल्काचा कागद ओढला, पेन्सिल उचलली, आणि सवयीनं म्हणाला, "उल्का... तू स्वतःसाठी मागितलंस. नियमाप्रमाणं दुसरी पायरी."

"पेन्सिल टेकवून तर बघ!" उल्का अशी ओरडली की बाजूच्या खोलीतला पेपर सळसळला. "लाज नाही वाटत?"

"अगं, हा आईचा नियम आहे," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तूच आठव. आई कशी सगळ्यांसाठी..."

"आणि आईसाठी कोण बोललं रे कधी?"

त्याची नजर दाराकडं गेली. मल्हारराव खोलीच्या दारात येऊन उभे होते, चष्मा कपाळावर, पेपर हातात.

"काय गोंधळ आहे?"

"आप्पा," त्रिविक्रम म्हणाला, आणि तिशी ओलांडलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा चहाडी करून मोकळा झाला, "उल्का स्वतःच्या तोंडानं मागतेय."

मल्हाररावांनी मुलीकडं बघितलं. "उल्का, आपल्यात तशी पद्धत नाही. आईनं शिकवलं होतं ना?"

"शिकवलं होतं आप्पा," उल्का म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, पण राग तसाच होता. "म्हणून तर पी.यू.सी. झाल्यावर मी अण्णाला सांगितलं, आप्पांपुढं शब्द टाक, मला बी.फार्मला जायचंय. आणि महिनाभर मी या दाराबाहेर बसले. हा बोलला नाही. राहूनच गेलं म्हणाला. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही."

"ठाऊक होतं," मल्हारराव म्हणाले.

उल्काला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मला ठाऊक होतं," ते पुन्हा म्हणाले. "तुझी पुस्तकं बघितली होती मी. चिकपेटेतल्या एका गिऱ्हाइकाची ओळख होती कॉलेजात, त्याच्याकडून जागेची चौकशीसुद्धा केली होती. जागा होती. महिनाभर वाट बघितली, कुणीतरी येऊन बोलेल म्हणून. कुणी आलंच नाही. मला वाटलं पोरीचं मन बदललं."

"मी दाराबाहेर होते, आप्पा!"

"दिसायचीस ना."

"दिसायचे! मग तुम्हाला हाक मारून विचारता आलं नाही? उल्का, तुला काय हवंय, एवढे चार शब्द?"

"बापानं कसं विचारायचं?" मल्हारराव खरोखरच गोंधळून म्हणाले. "तशी पद्धत नाही."

उल्का त्यांच्याकडं बघत राहिली. दाराच्या आत एक माणूस होकार घेऊन बसला होता, दाराबाहेर ती बसली होती, मधे लाकडाची एक फळी, आणि दोघंही तिसऱ्याची वाट बघत होते. तो तिसरा मोटारसायकल घेऊन मुलाखतीला गेला होता! तिला रडू येत होतं, पण रडू ते रागाचं होतं आणि त्या तिघा पाहुण्यांसमोर ती रडणार नव्हती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आज मी बोलते. आप्पा, मला काहीतरी हवंय."

मल्हाररावांनी अस्वस्थ होऊन मान वळवली आणि मुलाकडं बघितलं. "त्रिविक्रमाला बोलू दे."

त्रिविक्रम धडपडून उठला. "हो, हो, मी बोलतो. आप्पा, उल्काला ना..."

"गप्प बस, अण्णा!" उल्का त्याच्याकडं न बघताच म्हणाली. "सात वर्षं गप्प होतास. आणखी पाच मिनिटं राहा."

तो खाली बसला. गिरीराज चघळायचा थांबला होता. मल्हाररावांनी कपाळावरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. या घरात अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मुलगी समोर उभी होती, हाताला अवरेकाईचा वास, आणि ती हलत नव्हती.

"बोल," ते शेवटी म्हणाले.

"मला बी.फार्म करायचंय. डिप्लोम्यावर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. या जूनपासून. नोकरी सोडावी लागेल."

"सरी," मल्हारराव कन्नडात म्हणाले, ठीक आहे म्हणून.

उल्का थांबून राहिली. त्यांना आणखी काही म्हणायचं असेल असं तिला वाटलं. पण ते पेपरची घडी घालत होते.

"एवढंच?"

"मग आणखी काय? कर की. तेव्हाही हेच म्हणणार होतो मी." आणि ते आत जाऊन खुर्चीत बसले.

एवढंच होतं ते! एका 'सरी'चं काम! या एका शब्दावाचून सात वर्षं गेली होती, आणि ती खिडकीत उभी राहून लोकांना सांगत होती, ही जेवल्यावर, ही उपाशीपोटी. आज जितका राग आला तितका उल्काला तोवर कधीही आला नव्हता. कुणावर काढायचा ते कळेना. बापावर, भावावर, त्या रीतीवर, की दाराबाहेर निमूट बसणाऱ्या त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर, जिला उठून आत जायला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

ती चादरीवर परत येऊन बसली. त्रिविक्रमाच्या हातातून तिनं आपला कागद काढून घेतला, पेन्सिलही घेतली. जाईच्या नावापुढचा तीनचा आकडा खोडरबरानं घासला. अंजली गेल्यापासून तिथंच बसलेला आकडा, जाता जाईना. कागद थोडा फाटला. त्यावरच तिनं दाबून सहा लिहिलं.

विद्याधरनं त्रिविक्रमाकडं बघितलं. त्रिविक्रमानं फासा उल्कापुढं सरकवला.

"तुमचं काय ते तुम्ही आपापल्या तोंडानं मागा," उल्का तिघांना म्हणाली. "आणि कॉफीचा डबा डावीकडच्या फडताळात आहे, गिरीराज." मग तिनं वीस बाजूंचा फासा मुठीत घेतला. "जाई पुढं होतेय, अण्णा. दार उघड."

त्रिविक्रमानं नकाशा सुलटा केला.